जाफर गेटचा ज्यूसर

ऑगस्ट संपत आला की धाकट्या भावाचा फोन येतो. "ताई, घरीच हायस ना? पिकअप जाधववाडीच्या मार्केटला चाललीय, दोन गोण्या उतरवायला सांगतो." मी हो-नाही म्हणेपर्यंत तो थांबत नाही. माझं माहेर पैठण तालुक्यात, पाचोडजवळ. आंबे बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुललेली, मोसंबी तोडणीला आली की चांगला माल पाचोडच्या मार्केटात जातो आणि गळीचा, बारका, डाग पडलेला माल मागं उरतो. व्यापारी तो मातीमोल मागतात, म्हणून भाऊ पाहुण्यारावळ्यांत वाटतो. फेकायचा विषयच नाही. २०१२ च्या दुष्काळात आमची जुनी बाग उभ्या उभ्या वाळली. विकतचे टँकर घालून घालून शेवटी वडिलांनी कुऱ्हाड लावली आणि पुढं कितीतरी दिवस चुलीत मोसंबीचंच सरपण होतं. त्या घरातली मी. मोसंबी सडताना मला बघवत नाही.

पण गोण्या दोन आणि छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या फ्लॅटात माणसं चार. शेजारी वाटून, शाळेच्या स्टाफरूममध्ये पिशवी नेऊनही एक गोणी उरायचीच. रस काढायला माझ्याकडं दांडा दाबायचं ते हातयंत्र होतं. एका वाटीत अर्धी मोसंबी ठेवायची, वरून दांडा दाबायचा. चार ग्लास रसाला पंधरा-सोळा फळं, म्हणजे तीसेक वेळा दांडा. त्यात चाचणीचे पेपर तपासायचे दिवसही तेच. दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट इतकं धरलं की लाल पेनसुद्धा नीट चालेना.

नवा साधा ज्यूसर तीन-साडेतीन हजारांच्या घरात होता. ते हळू फिरून पिळून काढणारे कोल्ड प्रेस तर त्याच्या कितीतरी वर. वर्षातून दोन महिने लागणाऱ्या वस्तूसाठी एवढे पैसे घालायला मन होईना. घरात म्हणाले, "मग जाफर गेटला जाऊन बघ की रविवारी." चेष्टेनं म्हणाले, मी खरंच गेले.

ज्यांनी जाफर गेटचा रविवारचा बाजार पाहिला नाही त्यांना कसं सांगावं. जुनं काय मिळत नाही ते विचारा. टेबलफॅनचे पिंजरे, मिक्सरची झाकणं, एका पायाची खुर्ची, कुणाच्या तरी लग्नात आलेलं आणि खोक्यातून बाहेरच न निघालेलं घड्याळ. मुलाला सोबत घेतलं होतं, कारण त्याला असल्या पसाऱ्यात फार गोडी. ज्यूसर त्यालाच दिसला. एका म्हाताऱ्या चाचांनी ताडपत्री अंथरून त्यावर इस्त्र्यांच्या रांगेत ठेवला होता. खालचं अंग स्टीलचं, वरचं झाकण प्लास्टिकचं, कधीकाळी पारदर्शक, आता चहाच्या रंगाचं. कंपनीचं नाव घासून दोनच अक्षरं उरलेली.

"कितने का है चाचा?"

"बारासौ. पुराना माल है भाभी, आजकल ऐसा लोहा नहीं आता."

मी म्हटलं, चालू तर करून दाखवा. चाचा उठले, ज्यूसर काखोटीला मारला आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात घुसले. फ्रीजचा प्लग काढून तिथं ज्यूसरचा लावला. झाकण नुसतं वर ठेवलेलं, बाजूचे खटके लावलेही नव्हते. बटण दाबलं आणि असा काही आवाज झाला की बाकावरचा एक माणूस बशी घेऊन उठून उभा राहिला.

"आवाज सुनो! मोटर के पैसे हैं भाभी, बाकी सब फोकट में."

माझी परीक्षा तिथंच संपली. मोटर चालते, दाणदाण चालते, खटके लावायचीही कटकट नाही, लगेच सुरू. ही 'लगेच सुरू' होण्याची गोष्ट मला फार आवडली होती, हे मुद्दाम लिहून ठेवते. बाराशेवरून साडेपाचशेवर सौदा तुटला. चाचांनी वर दोन जादा पाती दिली, ती कसली होती ते अजून कळलेलं नाही.

घरी आणून ओट्यावर ठेवला तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लांबूनच म्हणाल्या, "कुणाच्या घरातलं हाय कुणाला ठावं. आधी घास त्याला." बरोबर होतं. झाकण उघडल्यावर आंबूस, बंद पडलेल्या फ्रीजसारखा वास आला. आत मधोमध जाळीची टोपली असते, तिच्या तळाला किसणीसारखे दात. फळ वरून नळीत ढकललं की दातांवर किसलं जातं, टोपली गरगर फिरत असते त्यामुळं कीस कडेला फेकला जातो, रस जाळीतून बाहेर आणि चोथा वर सरकत मागच्या डब्यात. एवढंच त्याचं शास्त्र. आमच्या टोपलीच्या जाळीची अर्धी छिद्रं बुजलेली होती. वर्षानुवर्षांचा वाळलेला चोथा आणि त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. आपल्याकडचं पाणी कसं आहे ते गिझर उघडलेल्या कुणालाही विचारा.

लिंबूसत्त्वाचे दोन चमचे गरम पाण्यात घालून टोपली रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी क्षार मऊ झाला होता. जुन्या टूथब्रशनं, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर, असं घासत बसले. छिद्रं एकेक करून उघडत गेली तेव्हा जाळीच्या काठाशी एक केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून सोडून दिलं.

मग चालवायला घेतला. ओटा ओला होता, मी अनवाणी. डाव्या हातानं स्टीलचं अंग धरलं, उजव्या हातानं बटण दाबलं आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या. झटका म्हणावा इतका जोराचा नाही, पण हात आपोआप मागं आला. मुलानं टेस्टर आणला. स्टीलच्या अंगाला लावला तर दिवा लागला. मी विज्ञान शिकवते. नववी-दहावीच्या पोरांना अर्थिंगची तार कशाला असते ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. आणि इथं ओल्या ओट्यापाशी अनवाणी उभी राहून बाजारातलं जुनं यंत्र थेट प्लगात घातलं होतं. हे शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला मोटारी वाइंड करणारे एक मिस्त्री बसतात. त्यांनी आधी प्लग उघडला. "हे बघा मॅडम." तीन पिनांचा प्लग होता, पण अर्थच्या मोठ्या पिनेला तारच नव्हती. कुणीतरी कापून मागं दुमडून टाकली होती. वायर जिथं अंगात शिरते तिथलं रबर गळून पडलेलं, पत्र्याच्या काठानं वायरचं कव्हर कापलेलं आणि आतलं तांबं पत्र्याला लागत होतं. अर्थ असता तर फ्यूज गेला असता नाहीतर एमसीबी पडला असता आणि कळलं असतं. अर्थ नाही म्हणून करंट अंगावरच बसून होता.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती आणखी वाईट. झाकणाचे दोन्ही खटके लागले की आत एक बारीक खुंटी दाबली जाते आणि तेव्हाच मोटरला करंट मिळतो, अशी त्या यंत्राची मुळातली रचना. म्हणजे झाकण उघडं असताना ते फिरूच नये. आधीच्या मालकानं, किंवा त्याच्या मिस्त्रीनं, खटक्याची स्प्रिंग ढिली झाल्यावर ती दुरुस्त करायचं सोडून स्विचच्या दोन्ही तारा एकत्र पिळून टेप मारली होती. हॉटेलात खटके न लावता जे 'लगेच सुरू' झालं होतं, ते हे. मिनिटाला हजारो फेरे घेणारी दातेरी टोपली, वर नुसतं ठेवलेलं झाकण आणि शेजारी वाकून बघणारा माझा मुलगा. मिस्त्री बोलत होते आणि माझ्या डोळ्यापुढं तेवढंच होतं.

कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, आर्मेचरला, करंट पोचवणारे ते काळे तुकडे, ते पण झिजून नखाएवढे राहिले होते. मोटरच्या हवेच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, तो त्याचाच. मिक्सर, ज्यूसर, ड्रिल मशीन यांच्या मोटरला कार्बन लागतात, छताच्या पंख्याला नाही, कारण पंख्याची मोटर वेगळ्या जातीची. फार झिजेपर्यंत चालवलं तर आर्मेचरच खराब होतं आणि मग मोटर खरोखरच 'फोकट में' जाते. मिस्त्रींनी नवे कार्बन, नवी तीन तारांची वायर, प्लग, रबराचं बुश आणि खटक्याचा स्विच असं सगळं मिळून तीनशे वीस रुपये घेतले. परत देताना म्हणाले, "मोटर भारी हाय. पण नुसती मोटर बघून घेत जाऊ नका."

आता तरी रस निघेल म्हणून रविवारी सकाळी घटस्थापना असल्यासारखी तयारी केली. सहा मोसंब्या, बरोबर एक किलो. साल काढली, पण पांढरा पापुद्रा घाईत तसाच ठेवला, बिया पण तशाच. पहिल्या चार फोडी धडाधड ढकलल्या. यंत्र आधी गुणगुणलं, मग थरथरलं, मग चक्क ओट्यावरून गॅसच्या दिशेनं चालायला लागलं. मुलगा हसून हसून खाली बसला. चोथा टोपलीच्या एकाच बाजूला बसला की तोल जातो. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये चादर एका कडेला गोळा झाली की ते जसं नाचतं, अगदी तसंच. एकेक फोड घालायची, तिचा आवाज बदलला, म्हणजे ती किसून झाली, की मगच दुसरी. खाली ओलं फडकं चौपदरी घालून ठेवलं की चालणं पण थांबतं.

रस निघाला. वर दोन बोटं फेस, खाली फिकट पिवळा. आत्याबाईंची पूजा चालू होती म्हणून त्यांचा ग्लास झाकून ठेवला. तासाभरानं त्यांनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की मी धावत गेले.

"अगं माय, कडूझार हाय हे! काढा पाजायलीस व्हय मला?"

मी चाखून बघितला. खरंच कडू. आणि तासापूर्वी मी प्यायले तेव्हा गोड होता. फळं तीच, जार तोच. भावाला फोन केला तर तो हसला. "ताई, पापुद्रा घातलास काय? रसवंतीवाला पण ठेवत नाही गं मोसंबीचा रस. समोर काढतो, समोर देतो." नंतर मी ते नीट वाचून काढलं. मोसंबीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते स्वतः कडू नसतं. पण पेशी फुटून ते रसाच्या आंबटपणात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन भयंकर कडू. हातयंत्रात पापुद्रा फार चिरडला जात नव्हता, म्हणून इतकी वर्षं आम्हाला हे कळलंच नव्हतं. ज्यूसर मात्र पापुद्रा, बी, सगळं किसून रसात घालतो. तेव्हापासून मोसंबी संत्र्यासारखी सोलायची, पांढरं जितकं निघेल तितकं काढायचं, बिया टोचून बाहेर, आणि रस काढला की दहा मिनिटांत ग्लास रिकामा. पूजा नंतर.

मग मी वजनं घेतली, सवयच आहे. एक किलो मोसंबी, सोलून, पांढरं काढून सातशे ग्रॅमच्या आसपास. ज्यूसरमधून रस सव्वाचारशे मिली. हातयंत्रातून पूर्वी निघायचा पावणेचारशे. म्हणजे एवढा खटाटोप करून किलोमागं पन्नास मिली जास्त. वर सोलण्याचा वेळ, आणि नंतर टोपली धुण्याचा. खरं सांगायचं तर नुसत्या मोसंबीसाठी हा ज्यूसर घेण्यात अर्थ नव्हता. मनगट वाचलं, एवढाच हिशोब जुळतो.

त्यातच दहा-बारा दिवसांनी फडफड असा आवाज आला आणि रसात चोथ्याचे तुकडे दिसायला लागले. ती केसाएवढी रेघ. ओरखडा नव्हता, जाळी तडकलेली होती आणि आता दोन इंच फाटली होती. मिस्त्रींनी बघताक्षणी बटणावरचा माझा हात बाजूला केला. "ही फिरताना सुटली तर झाकण फोडून बाहेर येईल." झाळ मारून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. झाळीचं वजन एका बाजूला पडतं, पुन्हा तोल जातो, पुन्हा तडकते. नवीनच घ्या.

नवीन म्हणजे काय, ते पुढचे दोन शनिवार कळलं. शाळा सकाळची असते म्हणून दुपारी गुलमंडीपासून सिटी चौकापर्यंत भांड्यांची, मिक्सरच्या पार्टची जेवढी दुकानं लागली तेवढी पालथी घातली. हातात पिशवी, पिशवीत फाटकी जाळी. मोटर कुठंही वाइंड करून मिळते, कार्बन कुठंही मिळतात, वायर तर पानाच्या टपरीवर पण मिळेल. पण जाळी त्या त्या मॉडेलची लागते. व्यास एक सूत कमी-जास्त झाला की बसत नाही आणि तळाचा सॉकेट, जिथं ती मोटरच्या दांड्यावर बसते, तो सहा कोनी की चार कोनी हे पण जुळावं लागतं. एक दुकानदार म्हणाला, "ही कंपनी गेली मॅडम, आता जाळी फ्रेम करून भिंतीला लावा." सहाव्या-सातव्या दुकानात एका काकांनी माळ्यावरून धुळीचं खोकं काढलं, तीन जाळ्या एकेक करून माझ्या जाळीवर पालथ्या घातल्या आणि तिसरी बसली. दुसऱ्याच कंपनीची. अडीचशे रुपये.

एकूण अकराशे वीस. शेजारच्या काकूंनी हिशोब ऐकून म्हटलं, "अजून थोडे घातले असते तर नवा आला असता." थोडे नाही, दोन हजार घालावे लागले असते, पण मी वाद घातला नाही. विजेचं म्हणाल तर तळाच्या पत्र्यावर चारशे वॅट लिहिलंय. रोज पाच मिनिटं चालवला तर महिन्याला एक युनिट होतं. ते काही ओझं नाही.

आणि मोसंबीसाठी आणलेला हा प्राणी खरा कामी आला तो हिवाळ्यात. आवळा! आवळे ठेचून, फडक्यातून पिळून रस काढणं हे आमच्याकडं दरवर्षीचं काम. बी काढून फोडी टाकल्या की यात पाच मिनिटांत लोटीभर रस. गाजराचा तर थेंब सोडत नाही, चोथा हातात घेतला तर भुसा वाटावा इतका कोरडा. तो कांदा, मिरची, ओवा घालून थालीपिठात जातो. मोसंबीचा चोथा मात्र खाण्याच्या कामाचा नाही, कुंड्यांत जातो. पालक, कोथिंबीर यात घालू नये, पानं नुसती टोपलीभोवती चिकटतात. डाळिंबाचे दाणे एकदा घातले, बिया किसल्या जाऊन रस तुरट झाला. मुलानं माझ्या मागं उसाचं सोललेलं कांडं घालून बघितलं होतं. टोपलीत दोरखंड वळलं गेल्यासारखा गुंता निघाला, कात्रीनं कापून काढावा लागला. त्यानं ते स्वतःच काढलं, मी काही बोलले नाही.

यांची शुगर थोडी वर आल्यावर डॉक्टरांनी रस बंद केला, फळ चावून खा म्हणाले. म्हणून आता ग्लास तीनच.

धुण्याचा नियम एकच केलाय. रस पिण्याआधी टोपली नळाखाली. वाळली की पुन्हा टूथब्रश आणि पुन्हा लिंबूसत्त्व.

यंदा भावाची पिकअप आली तेव्हा सोबत तोही आला. ज्यूसर पाहून म्हणाला, "ताई, मला पण एक बघ की. तिकडं गळीचा माल पोत्यांनी पडलाय, पोरं तरी पितील." रविवारी दोघं जाफर गेटला गेलो. यावेळी पर्समध्ये टेस्टर, स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइलची बॅटरी फुल. चाचा तेच, ताडपत्री तीच, ज्यूसर दुसरा. मी खाली बसले, आधी प्लगचा स्क्रू काढून अर्थची तार बघितली, खटके दोनदा लावून काढले, मग झाकण उचललं, टोपली बाहेर काढली आणि उन्हात धरून काठाकाठानं फिरवायला लागले.

चाचा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाभी, मोटर का आवाज तो सुनो. जाली में क्या देख रहे?"

"मोटर फोकट में दो चाचा," मी म्हटलं, "जाली के पैसे बोलो."